सासूबाई, वय वर्षे पाच

ऑब्रीला नवी सासू मिळाली ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. सासूबाईंचं वय पाच. पुढचा एक दात पडलेला, पायात दोन रंगांच्या दोन चपला आणि पाठीवर गुलाबी दप्तर, आत काहीही नसलेलं. हे सगळं त्याला बायकोनं, मर्लनं सांगितलं. त्यानं स्वतः सासूबाईंचं तोंड कधी पाहिलं नाही. आजतागायत नाही.

मर्लची आई, म्हणजे त्याची सख्खी सासू, जाऊन बारा वर्षं झाली होती. ती होती तोवर ऑब्री तिच्या सावलीलाही फिरकला नाही. म्हातारी दुकानात शिरली की हा बाहेर उन्हात उभा राहायचा. जाळ्यात सापडलेला सगळ्यात मोठा मासा तिच्या दारात पोचायचा, पण पोराच्या हातून. आमच्याकडे, उत्तर किनाऱ्यावरच्या आम्हा मूळ रहिवाशांत, जावई आणि सासू समोरासमोर येत नाहीत, एकमेकांचं नाव घेत नाहीत, बोलायचंच झालं तर तिसऱ्याच्या आडून बोलतात. यात वैर नाही. याहून मोठा मान आमच्याकडे दुसरा नाही.

आणि नातं काही फक्त रक्तानं लागत नाही. प्रत्येक मूल आपला नात्याचा गट घेऊन जन्माला येतं, आणि एका गटातली सगळी माणसं एकाच नात्यात बसतात. ते कुठल्याही गावात गेलं तरी तासाभरात बायका त्याचा गट विचारतात आणि कोण त्याची आई, कोण मामा, कोण आजा हे लावून मोकळ्या होतात. ही पाच वर्षांची रोशेल आतल्या मुलुखातून आली होती, नदीपलीकडून, दोन दिवसांच्या वाटेवरून. आई दूर डार्विन शहरात, आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. सांभाळणारी आजी जानेवारीत गेली. मग पोरीला आमच्या गावात मावशीकडे आणून सोडलं. रविवारी संध्याकाळी मर्ल मावशीच्या ओट्यावरून घरी आली ती हसतच.

"ऐकलंस का? तुझी सासू आलीय."

"माझी सासू वाळूत निजलीय," ऑब्री जाळं दुरुस्त करत म्हणाला.

"ती जुनी. ही नवी. माझ्या आईचाच गट हिचा. आम्ही दोनदा मोजून पाहिलं, सासूच लागते. उद्या तुझ्याच वर्गात येणार आहे. जरा केसबिस विंचरून जा, नाहीतर म्हणेल, असला कसला जावई पदरात पडला."

ऑब्री हसला. मग त्याचा हात जाळ्यावर थांबला.

"माझ्याच वर्गात?"

"दुसरा वर्ग आहे का पाच वर्षांच्यांना?"

त्याचं काम समजल्याशिवाय त्याचा हात का थांबला ते कळायचं नाही. ऑब्री एकतीस वर्षं शाळेच्या बालवर्गात सहायक शिक्षक होता. आमची मुलं शाळेत येतात तेव्हा त्यांना आमची भाषा येते, इंग्रजी येत नाही. टीव्हीवरचं आणि फुटबॉलच्या मैदानावरचं चार शब्दांचं येतं तेवढंच. पुढे दवाखान्यात, कोर्टात, बँकेत सगळीकडे इंग्रजीच लागणार. एका भाषेच्या काठावरून दुसरीत मूल उतरवायचं, ते घाबरणार नाही असं, हे ऑब्रीचं काम. रोज सकाळी पहिला तास त्याचा. मुलं चटईवर बसत. त्याच्याजवळ पिठाचा एक जुना डबा होता. त्यात शिंपले, गंजलेला गळ, पेलिकनचं पीस, कासवाच्या पाठीचा तुकडा, बाटलीचं झाकण. ज्याला हवं त्यानं हवी ती वस्तू काढावी आणि आपल्या भाषेत तिच्याबद्दल बोलावं. ऑब्री तेच इंग्रजीत म्हणे, सावकाश, जणू स्वतःशीच. आठवडाभरानं कोणीतरी पोर त्याच्या मागून म्हणू लागे. मग दोघं, मग सगळी.

एकतीस वर्षांत दक्षिणेकडून तेवीस शिक्षिका आणि शिक्षक आले आणि गेले. कोणी दोन वर्षं टिकलं, कोणी दोन महिने. प्रत्येकाला ऑब्रीनं शिकवलं. पहिली गोष्ट ही, की मुलाला जे आपल्याला माहीत आहे ते विचारू नका. एकदा एक नवी बाई मोठ्ठा मासा हातात धरून वर्गाला विचारत होती, "हे काय आहे? सांगा पाहू, हे काय आहे?" सगळी पोरं गप्प. मधल्या सुट्टीत एक पोरगा ऑब्रीला हळूच म्हणाला, "मामा, बाईंना मासा माहीत नाही. तुम्ही सांगा ना त्यांना, आम्हाला लाज वाटते." आमच्याकडे ज्याला माहीत नसतं तोच विचारतो. माहीत असून विचारणारा एकतर वेडा असतो नाहीतर पोलीस.

स्वतः ऑब्री कधी पूर्ण शिक्षक झाला नाही. कॉलेजात दोनदा नाव घातलं. दोन्ही वेळा गावात मयत झालं, मग विधी, मग आणखी एक मयत. हजेरी भरली नाही. पगार सहायकाचा राहिला. तेवीस जणांना त्यानं शिकवलं आणि तेवीसही जण त्याला नोटीस बोर्डावरच्या यादीत सगळ्यात खाली लिहून गेले.

तर सोमवारी सकाळी मावशी पोरीला वर्गाच्या दाराशी घेऊन आली. ऑब्री आत पाठमोरा उभा होता, मुद्दामच. त्याला वाटलं होतं, पोर लहान आहे, तिला कुठलं हे सगळं कळतंय. मर्लही म्हणाली होती, "एवढ्याशा पोरीला काय? चालतं थोडंफार." त्यानं मनाशी ठरवलं होतं की थोडं तिरकं बसायचं, नजर टाळायची आणि निभवायचं.

"बघ, तुझा जावई तिकडे उभा आहे," मावशीनं गमतीनं पोरीला तिच्या भाषेत सांगितलं.

आणि मागून झपकन आवाज आला. ऑब्रीची नात टायलीन, सहा वर्षांची, त्याच वर्गातली, धावत आली आणि त्याच्या कानाशी लागली. "आबा, ती खाली बसली! तिनं हातानं तोंड झाकलंय. दप्तर डोक्यावर घेतलंय."

ऑब्री तसाच उभा राहिला. पोरीची आई मशीनला बांधलेली. आजी मेलेली. हे गाव परकं, इथली भाषाही तिची नव्हे, मग इंग्रजी तर त्याच्याही पलीकडे. एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट ती आजीच्या घरातून धड, न सांडता घेऊन आली होती: जावई दिसला की कसं वागायचं. ती तिनं पहिल्याच मिनिटाला बरोबर करून दाखवली होती.

आता आपण वळून बघितलं तर तीही मोडली, असं ऑब्रीच्या मनात आलं. तो न वळता तसाच पुढे चालत दुसऱ्या दारानं बाहेर व्हरांड्यात गेला आणि खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांना पाठ लावून बसला.

त्या दिवसापासून पहिला तास व्हरांड्यात. मुलं अर्धी आत, अर्धी बाहेर. रोशेल आत, खिडकीखाली. ऑब्री बाहेर, खिडकीकडे पाठ करून. तो टायलीनशी बोले, नाहीतर खांबाशी, नाहीतर प्लॅस्टिकच्या मगरीशी.

"मगरबाई, कोणाला तरी तहान लागली असेल. असं कोणाला वाटलं तर इंग्रजीत असं म्हणावं..." आणि मग तो ते म्हणे. दोनदा. मग गप्प बसे.

गावात चेष्टेला ऊत आला. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या त्याला बघून ओरडत, "काय जावईबापू, सासरची माणसं काय म्हणतात?" "सासूबाई शाळेत जातात, जावई खांबाशी बोलतो!" "सासूला आहेर काय दिलास रे, खडूची पेटी?" ऑब्रीही हसे. पण शनिवारी जाळ्यात जो सगळ्यात मोठा मासा आला तो टायलीनच्या हातून मावशीच्या घरी गेला. पाच वर्षांच्या सासूबाईंनी तो स्वतः निखाऱ्यावर उलटसुलट करून घेतला म्हणे, आणि मावशीला डोक्याकडचा भाग देऊन शेपटीकडचा आपण खाल्ला.

तीन आठवडे खिडकीमागून काही आलं नाही. चौथ्या आठवड्यात टायलीन म्हणाली, "आबा, ती माझ्या कानात बोलते."

"काय बोलते?"

"तुम्ही मगरीला सांगता ते सगळं. इंग्रजीत. आणि आपल्या भाषेतपण. म्हणते, मगर किती मंद आहे, तिला दोनदा सांगावं लागतं."

ऑब्री त्या संध्याकाळी इतका हसला की मर्ल चहाचा मग घेऊन बाहेर आली, काय झालं बघायला.

वर्गशिक्षिका होती मिस ब्रॉनविन, चोवीसावी. सव्वीस वर्षांची, उन्हानं नाक सोललेलं, मनानं चांगली. ऑब्रीनं तिला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "मिस, या मुलीशी मी तोंडासमोर बोलणार नाही. ती माझी सासू लागते. पण मी तिला शिकवतो आहे."

"बरं झालं सांगितलंत, ऑब्री," ती म्हणाली. "हे किती महत्त्वाचं आहे. मी लिहूनच ठेवते." आणि तिनं एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं आणि ती चिठ्ठी आपल्या टेबलामागच्या बोर्डावर चिकटवली. ऑब्रीनं ती चिकटवताना पाहिली होती. हे लक्षात ठेवायला हवं.

ईस्टरच्या सुट्टीनंतर नवे मुख्याध्यापक आले. नाव ग्रॅहम. चाळिशीच्या आतले, गुडघ्यापर्यंतची चड्डी, सगळ्यांना 'मित्रा' म्हणायची सवय. त्यांच्यासोबत बार्जवरून, म्हणजे गावाचं सामान आणणाऱ्या बोटीवरून, चार खोकी आली आणि खोक्यांतून नवा कार्यक्रम निघाला. चित्रांची कार्डं, एक कॅमेरा, एक घड्याळ. प्रत्येक मुलाला सहायकानं समोर बसवायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा, कार्ड दाखवून विचारायचं, हे काय आहे. जूनमध्ये प्रत्येक मुलाचं पाच मिनिटांचं चित्रीकरण डार्विनला जाणार.

"साधी गोष्ट आहे, मित्रा," ग्रॅहम ऑब्रीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "हा तुझा सकाळचा तास, शिंपले वगैरे, छान आहे. मला आवडतो. पण वरचे लोक आकडे मागतात. मुलं कॅमेऱ्यात इंग्रजी बोलली तर तास राहील. नाही बोलली तर तो वेळ मला कार्डांना द्यावा लागेल. आणि मग तुझं काय करायचं तेही बघावं लागेल."

ऑब्रीला आणखी एक कागद दाखवला गेला. जे मूल चित्रीकरणात काहीच बोलणार नाही त्याचं नाव वेगळ्या यादीत. 'न बोलणारी मुलं.' त्यांना वर्गातून बाहेर काढून वेगळं बसवायचं.

"सर, एक मुलगी आहे," ऑब्री म्हणाला. "ती बोलते. पण माझ्यासमोर नाही. मिसना सगळं माहीत आहे."

मिस ब्रॉनविन तिथेच कार्डं लावत होती. ग्रॅहमनी तिच्याकडे पाहिलं.

"हो, म्हणजे..." ती म्हणाली. "काहीतरी नात्याचं आहे. मला नीट नाही सांगता येणार. ऑब्री ठरवतील ना काय ते."

"पाच वर्षांच्या पोरीचं कसलं आलंय नातं?" ग्रॅहम हसले. "पाच मिनिटं, मित्रा. पाच मिनिटं बस तिच्यासमोर. माझी आई इकडे आली तर तिच्यासमोरही मी पाच मिनिटं बसतो, आणि ते याहून अवघड आहे."

मिस ब्रॉनविनही हसली. ऑब्रीला तिचं हसणं लागलं. तिची नोकरी कच्ची होती, डिसेंबरात कागद नवा व्हायचा होता, हे त्याला कळत होतं. तरीही लागलं. चिठ्ठी तिच्या डोक्यामागेच होती. तिनं नुसती मान वळवली असती तरी दिसली असती.

"मिसना बसू द्या तिच्यासमोर," ऑब्री म्हणाला.

"नियम आहे. ज्या माणसाची मुलाला सगळ्यात जास्त सवय आहे त्यानंच बसायचं." आणि ग्रॅहमनी आवाज खाली आणला. "तू नाही बसलास तर तिचं नाव मला सरळ त्या यादीत टाकावं लागेल. तसं हवंय का?"

घरी मर्ल म्हणाली, "बघ बाबा एकदा. डोळे मिटून बस. माझी आई काही वरून ओरडणार नाही."

"तुझी आई नाही ओरडणार. पण ती पोर काय समजेल?"

"पोर समजेल की तिचा जावई तिच्यासाठी बसला."

"नाही. पोर समजेल की इथे, या गावात, काहीच खरं नाही."

मर्लनं चहात साखर जास्त घातली, ती नेहमी अशा वेळी घालते.

जूनमधल्या गुरुवारी, वाचनालयाच्या मागच्या छोट्या खोलीत, टेबल, दोन खुर्च्या, तिकाटण्यावर कॅमेरा. बाकीची अकरा मुलं होऊन गेली होती. बरी बोलली होती. ऑब्री कार्ड हातात धरून विचारण्याऐवजी स्वतःच थोडं चुकीचं सांगे आणि पोरं त्याला सुधारत. "हा कुत्रा आहे." "नाही मामा, हे डुक्कर!" तेवढ्यावर काम भागलं होतं.

मग रोशेल. दार उघडण्याआधी ऑब्रीनं आपली खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मागे पावलं आली, थबकली, आणि मग टेबलाखाली शिरल्याचा आवाज. खुर्ची रिकामी.

"ऑब्री," ग्रॅहम म्हणाले. "वळ, मित्रा."

ऑब्री वळला नाही.

"ऑब्री, चित्रीकरण चालू आहे."

भिंतीवर एक पाल होती. ऑब्री पालीकडे बघत राहिला. त्याला वळता आलं असतं. एवढंच तर करायचं होतं, मान फिरवायची. एकतीस वर्षांची नोकरी त्या मानेवर होती. टेबलाखाली कोणीतरी श्वास रोखून बसलं होतं आणि तो वळतो की नाही याची वाट बघत होतं. तेही त्या मानेवर होतं.

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही तर थांबवायचं, असा नियम होता. घड्याळ वाजलं. ग्रॅहमनी कॅमेरा बंद केला, कागदावर काहीतरी लिहिलं, हातातली कार्डं टेबलावर टाकली आणि फोनवर बोलत बाहेर गेले. कार्डं घसरून खाली पडली.

तेवढ्यात टायलीन आत आली. मैत्रिणीला शोधत आली होती.

ऑब्री भिंतीलाच म्हणाला, आपल्या भाषेत, "टायलीन, खाली जमिनीवर कार्डं सांडलीत. त्यात काय काय आहे ते आबाला दिसत नाही. कोणी इंग्रजीत सांगितलं तर बरं होईल."

हा प्रश्न खरा होता. त्याला खरंच दिसत नव्हतं.

टेबलाखालून आधी कुजबुज आली. मग आवाज. ऑब्रीनं तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. थोडा घोगरा, पडलेल्या दाताच्या जागेतून हवा सुटणारा. पण इंग्रजी स्वच्छ.

"ही बोट आहे. बोटीत माणूस बसलाय. त्याच्या पायात बूट नाहीत. तो मासे पकडतोय." थोडं थांबून, "मोठा मासा सासूला देणार. छोटे घरी नेणार. हे झाड आहे. झाडाखाली कोणी नाही, कारण ऊन गेलंय. ही गाय आहे. गाईला कोणी विचारत नाही, हे काय आहे."

टायलीन खिदळली. टेबलाखालीही कोणीतरी खिदळलं. भिंतीकडे तोंड केलेल्या म्हाताऱ्याचे खांदे हलत होते, ते हसण्यानं की कशानं ते मागून कळत नव्हतं.

दारात मिस ब्रॉनविन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा हात तोंडावर होता. "ऑब्री! अख्खी वाक्यं! मी आत्ता सांगते त्यांना." आणि ती धावत गेली.

ऑब्री ऐकत राहिला. व्हरांड्यातून ग्रॅहमचा आवाज आला, "कॅमेऱ्यात आहे का?"

"नाही, पण मी स्वतः..."

"मग नाही, ब्रॉनविन. तू ऐकलंस हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

त्यावर ती काय म्हणाली ते ऑब्रीला ऐकू आलं नाही. मग तिची पावलं वर्गाकडे गेली.

जुलैत पत्र आलं. सहायकानं मुलीकडे पाठ फिरवली, ती घाबरून टेबलाखाली गेली तरी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, हे चित्रीकरणात स्पष्ट दिसतं, असं त्यात होतं. सकाळचा तास बंद. ऑब्रीला नोकरीवरून काढलं नव्हतं. त्याच्या वयाचा आणि सेवेचा विचार करून त्याला मैदान आणि आवार यांचं काम दिलं होतं. म्हणजे गवत कापायचं. रोशेलचं नाव यादीत. तिच्यासाठी डार्विनहून आठवड्यातून तीन दिवस विमानानं एक तरुण मदतनीस येणार.

मिस ब्रॉनविन केळ्याचा केक घेऊन घरी आली. ओट्यावर बसली आणि रडली.

"मी सांगणार होते, ऑब्री. आधीच सांगायला हवं होतं. योग्य वेळ बघत होते."

"तुम्ही लिहिलं होतं, मिस," ऑब्री म्हणाला. "चिठ्ठी अजून आहे बोर्डावर. उन्हानं अक्षरं गेलीत."

तिनं मान खाली घातली. मर्लनं केक आत नेला आणि कुत्र्यांना घातला. ही गोष्ट तिनं नंतर आम्हाला सांगितली तेव्हा ती हसत नव्हती.

पिठाचा डबा ऑब्रीनं घरी आणला. टायलीननं विचारलं, आता मगरीशी कोण बोलणार? तो म्हणाला, मगर शिकली आता. टायलीन म्हणाली, "नाही शिकली. ती मंद आहे, रोशेल म्हणते." मग जीभ चावली, कारण आबांसमोर ते नाव घ्यायचं नसतं.

ऑब्री गवत कापू लागला. वर्गाच्या खिडकीपाशी आला की आतून त्या मदतनीस पोरीचा आवाज येई, गोड, न थकणारा. "हे काय आहे? रोशेल, माझ्याकडे बघ. हे काय आहे?" आणि मग शांतता. ती शांतता त्याला पाठ होती. एकदा त्यानं यंत्र बंद केलं. नुसतं झाडाशी दोन शब्द बोलला असता तरी आतून उत्तर आलं असतं. पण तास चालू असताना खिडकीपाशी थांबायचं नाही, असं त्याला लिहून दिलेलं होतं. त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं. ते फार आवाज करतं.

ऑगस्टच्या शेवटी त्या यंत्राच्या पात्याखाली गवतातला फुटका डबा आला आणि पत्र्याचा तुकडा उडून त्याच्या पायाला लागला. पायात नेहमीची रबरी चप्पल. त्यानं फडकं बांधलं आणि दोन दिवस तसाच फिरला.

तिसऱ्या दिवशी बार्ज आली होती, दुकानात रांग लागली होती. रांगेत ऑब्री, त्याच्या मागे दोन बायका, त्यांच्या मागे दूध आणि पाव घेतलेले ग्रॅहम. बर्फाच्या पेटीपाशी टायलीन आणि रोशेल आइस्क्रीम निवडत होत्या. रोशेलनं जावयाला पाहिलं मात्र, झटकन पेटीमागे गेली. ऑब्रीनं तोंड दाराकडे केलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं.

आणि मग पेटीमागून आवाज आला, पेटीला उद्देशून, इंग्रजीत, कारण या माणसाच्या तोंडून तिनं जे ऐकलं होतं ते असंच ऐकलं होतं:

"कोणाच्या तरी पायातून रक्त येतंय. फडकं घाण झालंय. असं झालं तर कोणीतरी दवाखान्यात जावं. उद्या नाही. आज."

ऑब्री हलला नाही. पण त्याचा पाय त्याला आता पहिल्यांदा दुखला.

"अरे!" ग्रॅहमच्या हातातलं दूध पडता पडता राहिलं. "ही बोलली! ही तीच ना?" ते पेटीमागे गेले, गुडघ्यावर बसले, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणला. "शाब्बास! पुन्हा बोल बघू? कोणाचा पाय? हं? कोणाचा?"

रोशेलला दिसत होतं की त्यांना कोणाचा ते माहीत आहे. तिनं तोंड मिटलं.

"लाजते अजून," ग्रॅहम उठले. ते ऑब्रीजवळ आले आणि त्यांनी प्रेमानं त्याच्या खांद्यावर थाप मारली. "पाहिलंस ना, मित्रा? सहा आठवडे. फक्त सहा आठवडे समोरासमोर बसवलं आणि बघ. तुझ्यावर राग नाही हं माझा. आता कळलं ना तुला?"

"कळलं, सर," ऑब्री म्हणाला.

सासूबाईंनी सांगितलं होतं, म्हणून तो रांग सोडून दवाखान्यात गेला. पाच टाके पडले. नर्स ओरडली, दोन दिवस काय करत होता, आणि आज बरी आठवण झाली, कोणी पाठवलं? ऑब्रीनं नाव सांगितलं नाही. त्याला ते घेता येत नव्हतं.

सप्टेंबरअखेरीस शाळेचं पत्रक घरोघरी आलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत नव्या कार्यक्रमाचं यश, दीड महिन्यात बोलू लागलेली मुलगी, डार्विनहून आलेलं अभिनंदन. बाजूला ती मदतनीस आणि तिच्या शेजारी रोशेल, असा फोटो. ऑब्रीचा पाय खुर्चीवर होता. मर्लनं ते सगळं त्याला वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता, आणि वाचताना फोटोतल्या पोरीच्या चेहऱ्यावर तिनं आपला अंगठा दाबून धरला होता.

वाचून झालं.

"नवा दात आला का?" ऑब्रीनं विचारलं.

मर्लनं पत्रक त्याच्या नजरेपासून वळवलं, अंगठा जरासा उचलून पाहिलं आणि परत ठेवला.

"तोंड मिटलेलं आहे," ती म्हणाली.